भाऊसाहेब चांगले आहेत, पण फाईल हलत नाही

काकू, नमस्कार. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. विडी कामगार महिलांच्या मजुरीवर लिहिलेला पीएच.डी.चा प्रबंध गेल्या जूनमध्ये सादर केला. दहा महिने झाले, मौखिकीचा पत्ता नाही. विद्यापीठ परगावी आहे. आजवर सात खेटे झाले. तिथल्या पीएच.डी. विभागातले भाऊसाहेब देवमाणूस आहेत. गेल्या गेल्या खुर्ची देतात, चहा सांगतात, रविवारीसुद्धा फोन उचलतात. मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे आपुलकीनं बोलतात. एकदा माझी एसटी उशिरा पोचली तर सव्वासहापर्यंत थांबले होते. दर वेळी म्हणतात, "होऊलालंय की मॅडम, काळजी करू नका." माझे मार्गदर्शक सर म्हणतात, सरळ कुलगुरूंकडे तक्रार करा. मिस्टर म्हणतात, काहीतरी द्यावं लागत असेल. तक्रार केली तर भाऊसाहेबांवर शेकेल, आणि त्यांच्याशिवाय तिथं माझं कोण आहे? गप्प बसावं तर भरतीची जाहिरात कधीही येईल. मी काय करू?
— एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

तुमचं पत्र तीन पानी होतं, इथं कापून छापलंय. विद्यापीठाचं नाव मुद्दाम गाळलंय, कारण अशी पत्रं मला चार वेगवेगळ्या गावांतून येतात आणि नाव बदललं तरी मजकूर तोच असतो.

मूळ पत्र मी दोनदा वाचलं. त्यात चहाचा उल्लेख चार ठिकाणी आहे. भाऊसाहेबांच्या मुलीच्या बारावीच्या टक्क्यांचाही आहे. पण तुमचा प्रबंध आज कुणाकडे आहे, परीक्षकांकडे कधी गेला, एकाचा तरी अहवाल आला का, यातलं एक अक्षर नाही. सात खेट्यांत ही माहिती तुम्हाला मिळाली नाही, की तुम्ही विचारलीच नाही? मला वाटतं, विचारायचा धीर झाला नाही. इतक्या गोड माणसाला तारीख विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. खडूस कारकून परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं.

आता टेबलाच्या पलीकडची गोष्ट सांगते, कारण सत्तावीस वर्षं मी तिकडच्याच खुर्चीत होते. सोलापुरातल्याच एका कार्यालयात, आस्थापना शाखेत. नाव नको.

आम्हाला सहा गठ्ठे पद्धत असायची, अजूनही असते. कारकुनाच्या टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे. त्यातला एक चालू प्रकरणांचा, म्हणजे ज्यावर आपल्याला काहीतरी करायचंय. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा, म्हणजे आपलं काम करून झालंय, आता दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट बघायची आहे. उरलेल्या चारांशी तुम्हाला देणंघेणं नाही. पण हे दोन नीट समजून घ्या, कारण तुमचे दहा महिने या दोन गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत गेलेत.

परीक्षकाला प्रबंध पाठवला की भाऊसाहेबांच्या लेखी तुमचं प्रकरण दुसऱ्या गठ्ठ्यात गेलं. ते आळशी नाहीत, खोटंही बोलत नाहीत. त्यांच्या हातचं काम खरोखरच झालेलं आहे. सकाळी खुर्चीत बसल्यावर समोर चालू गठ्ठा असतो, त्यावर कालची डाक येऊन पडते, साहेबांनी मागवलेली माहिती असते, दीक्षांत समारंभाची यादी असते. प्रतीक्षाधीन गठ्ठा मागच्या कपाटात, सुती नाडीनं बांधलेला. तो ठरावीक दिवसांनी सोडून बघायचा असतो. किती जण बघतात, हे मी इथं लिहीत नाही, माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीसुद्धा हे सदर वाचतात.

मग दुसऱ्या गठ्ठ्यातली नस्ती, म्हणजे फाईल, पहिल्या गठ्ठ्यात कधी येते? नवीन कागद आला की. आवकच्या बारनिशीत, म्हणजे आलेल्या टपालाच्या नोंदवहीत, नोंद झालेला, क्रमांक पडलेला कागद. तो आला की त्यावर काहीतरी लिहावंच लागतं. तुमच्या सात भेटी आणि असंख्य फोन यांचा एकही कागद झालेला नाही. नस्तीच्या दृष्टीनं तुम्ही जूनपासून विद्यापीठात फिरकलेलाच नाहीत.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. त्यांचं सेवापुस्तक वेतन पडताळणीसाठी दुसऱ्या कार्यालयात गेलं होतं आणि तिथंच अडकलं होतं. गुरुजी आले की मी पंखा त्यांच्याकडे वळवायची, माठातलं पाणी द्यायची, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची. पाच महिने. मला मनापासून वाटायचं की मी यांना मदत करतेय. मग एक दिवस त्यांची मुलगी आली. बसली नाही, पाणी घेतलं नाही. एका परिच्छेदाचं पत्र आवकमध्ये देऊन, पोच घेऊन निघून गेली. मला त्या दिवशी फार लागलं. एवढं आपण करतो आणि ही अशी! दुसऱ्या दिवशी ते पत्र डाकेत माझ्याच टेबलावर आलं, वर साहेबांचा हिरव्या पेनातला शेरा, "सद्यस्थिती सादर करा." मी नस्ती काढली, टिपणी लिहिली, त्या कार्यालयाला स्मरणपत्राचा मसुदा जोडला, दुपारी सही झाली. पाच महिन्यांत जे मला सुचलं नव्हतं ते एका दिवसात झालं. सुचलं नव्हतं असं तरी कसं म्हणू? सुचलं होतं. पण माझ्या पातळीवरून दुसऱ्या कार्यालयाला उठून पत्र लिहायचं तर साहेब विचारणार, "आत्ताच का?" त्याचं उत्तर माझ्या हातात नव्हतं. मुलीच्या पत्रानं ते दिलं.

भाऊसाहेबांचंही असंच असणार. परीक्षक म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातले मोठे प्राध्यापक. त्यांना वरिष्ठ लिपिकानं आपणहून "अहवाल कुठाय?" असं कसं विचारायचं? त्यासाठी वरची सही लागते. सहीसाठी टिपणी लागते आणि टिपणीसाठी निमित्त. ते निमित्त तुम्ही त्यांच्या हातात द्या. तुम्ही पत्र दिलंत तर भाऊसाहेबांवर शेकेल, ही भीती काढून टाका. तक्रारीनं शेकतं. साध्या चौकशीच्या पत्रानं त्यांचं काम सोपं होतं.

तर पुढच्या खेपेला असं करा. चहा घ्या, नाही म्हणू नका. मग "होतंय" हे उत्तर चालणारच नाही असे प्रश्न विचारा. "माझं कुठवर आलं?" असं विचारलंत की "होऊलालंय" हेच उत्तर येणार, व्याकरणानंच यावं लागतं. त्याऐवजी विचारा: "भाऊसाहेब, दोन्ही परीक्षकांकडे प्रबंध रवाना झाला ती तारीख जावकच्या नोंदवहीत बघून सांगता का?" "अहवाल किती आले, एक की दोन?" "शेवटचं स्मरणपत्र कधी गेलं?" "नस्तीवर शेवटची सही कुणाची आहे?" परीक्षकांची नावं विचारू नका, ती गोपनीय असतात, विचारून त्यांना अवघडात टाकाल. तारखा आणि आकडे, बस. तुमच्याच प्रबंधातल्या बायका आठवा. विड्या कारखान्यात देताना त्या "कशा झाल्या?" असं विचारत नाहीत. छाट (नापास विड्या) किती काढली, हजार भरल्या का, एवढंच विचारतात, कारण मजुरी आकड्यावर मिळते.

एक शक्यता सांगून ठेवते. "साहेबांनी चर्चा करावी असा शेरा मारलाय," असं उत्तर येईल. "चर्चा करावी" या दोन शब्दांनी महाराष्ट्रात जेवढ्या नस्त्या थांबल्या असतील, तेवढ्या लाल फितीनं थांबल्या नसतील. शेरा मारून साहेब मोकळे, नस्ती परत कारकुनाकडे, आणि मग साहेबांना चर्चेला वेळ नाही, म्हणून कारकून रोज केबिनच्या दारातून डोकावून परत जातो. असं असेल तर तुम्ही स्वतः साहेबांची वेळ मागा आणि भाऊसाहेबांना नस्तीसह आत येऊ द्या. दहा मिनिटांचं काम आहे. तिथं भाऊसाहेबांची स्तुती करा, ती साहेबांसमोर झालेली चांगली असते.

आता पत्र. मी मसुदा देते, तारखा तुम्ही भरा.

"प्रति, मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ. विषय: पीएच.डी. प्रबंधाच्या मूल्यमापनाची सद्यस्थिती कळवणेबाबत. महोदय, मी दि. … रोजी प्रबंध सादर केला असून (पावती क्र. …) त्यास १० महिने पूर्ण झाले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार मूल्यमापनाची संपूर्ण प्रक्रिया ६ महिन्यांत पूर्ण होणे अपेक्षित आहे. तरी परीक्षकांचे अहवाल प्राप्त झाले आहेत किंवा कसे, नसल्यास शेवटचे स्मरणपत्र कोणत्या तारखेस पाठविले व पुढील कार्यवाही काय प्रस्तावित आहे, हे लेखी कळवावे, ही विनंती."

यात कुणाचंही नाव नाही, हे बघा. "वारंवार फेऱ्या मारूनही", "मानसिक त्रास", "नाइलाजाने" यातलंही काही नाही. असे शब्द आले की पत्राची तक्रार होते, आणि तक्रारीला उत्तर देताना कार्यालय आधी स्वतःचा बचाव लिहायला बसतं. २०१६ चे विनियम मी घातले, कारण तुमची नोंदणी २०१८ ची आहे. ७ नोव्हेंबर २०२२ ला नवे विनियम आले, पण आधी नोंदणी झालेल्यांना आधीचेच लागू राहतात. ज्यांची नोंदणी त्यानंतरची आहे त्यांनी २०२२ चा उल्लेख करावा. सहा महिन्यांची मुदत दोन्हींत आहे, नव्यात तर मौखिकीच्या निकालासकट.

हे पत्र आवकमध्ये देण्याआधी भाऊसाहेबांना दाखवा. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला विचाराल तर एवढंच आहे. "भाऊसाहेब, असं एक पत्र देतेय, तुम्हाला अडचण होणार नाही ना? काही बदलू का?" दहांतले नऊ कारकून अशा वेळी पेन मागून घेतात आणि स्वतःच एखादी ओळ घालतात. कुणाला प्रत पाठवायची, कुठला संदर्भ क्रमांक टाकायचा, आधीच्या कुठल्या पत्राचा उल्लेख केला तर साहेबांना टाळता येणार नाही, हे त्यांना तुमच्या सरांपेक्षा जास्त ठाऊक असतं. आणि समजा ते म्हणाले, "पत्र कशाला, मी बघतो की," तर हसून म्हणा, "तुम्ही बघताच हो, पण तुमच्या हातात कागद असलेला बरा." आणि द्या. तिथं मागे हटू नका.

तुमच्या मार्गदर्शक सरांबद्दल. त्यांचा सल्ला मला पटला नाही. कुलगुरूंना तक्रार करा हे तुम्हाला सांगणं सोपं आहे. त्यांनी स्वतः मार्गदर्शक या नात्यानं संशोधन केंद्रामार्फत याच विषयावर एक पत्र द्यावं, हे जास्त उपयोगाचं. दोन्ही पत्रं आठवड्याच्या अंतरानं गेली तर उत्तम. मात्र तुम्ही किंवा सरांनी परीक्षकांचं नाव कुठून तरी काढून त्यांना फोन करायचा नाही. कुणीतरी हा सल्ला देईलच. त्यानं अख्खं मूल्यमापन वादात सापडू शकतं.

आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, काही द्यायचं नाही. भाऊसाहेबांनी कधी मागितलेलं नाही, सूचकही बोललेले नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. मग त्यांचा असा अपमान कशासाठी? शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो. (कुणी खरंच मागितलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. पण तो तुमचा प्रश्न नाही.) शेंगा चटणीचं पाकीट नेऊ का, असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. पदवी हातात आल्यावर किलोभर न्या, सगळ्या शाखेला पुरेल एवढी, खलबत्त्यात कुटलेली. आत्ता नको. काम अडलेलं असताना नेलेल्या पाकिटाचा त्यांना टेबलाखाली सरकवावं लागेल इतका संकोच होईल, आणि ज्या मदतीत आजवर काही लपवण्यासारखं नव्हतं, त्यात ते येईल.

रविवारचे फोनही बंद करा. ते उचलतात हा त्यांचा भिडस्तपणा. रविवारी त्यांच्यासमोर नस्ती नसते, त्यामुळे "होऊलालंय"शिवाय ते काही सांगूच शकत नाहीत. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेअकराच्या सुमारास करा. तोवर डाक बघून झालेली असते आणि साहेबांच्या बैठका सुरू व्हायच्या असतात. सोमवार टाळा. मे महिन्यात तर जाऊच नका, एकाची सही मिळेल तर दुसरा रजेवर. आमच्याकडे सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तेच व्हायचं, नंदीध्वज निघाले की निम्मी शाखा रिकामी.

पत्राला पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिल्या पत्राचा आवक क्रमांक घालून स्मरणपत्र द्या. आणखी पंधरा दिवसांनी माहिती अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवसांची मुदत. त्यातही परीक्षकांची नावं किंवा अहवाल मागू नका, नाकारायला कारण मिळेल. प्रबंध रवाना केल्याची तारीख, स्मरणपत्रांच्या तारखा, नस्ती कोणत्या टेबलावर किती दिवस होती, एवढंच मागा. हा अर्जसुद्धा भाऊसाहेबांना आधी सांगून करा, मागून कळलं तर त्यांना वाईट वाटेल. त्यापुढे विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार नेमायचे लोकपाल आहेत. माझा अंदाज आहे, तुम्हाला तिथवर जावं लागणार नाही. बहुतेक प्रकरणं स्मरणपत्रालाच हलतात.

जाहिरातीची काळजी वेगळी. प्रबंध सादर केल्याचं प्रमाणपत्र याच खेपेला मागून घ्या. ते पदवीच्या जागी चालत नाही, पण अर्जात लिहिता येतं आणि मुलाखतीच्या दिवसापर्यंत निकाल लागला तर कागदांची साखळी तयार असते. तुमची सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा, झालेली आहे. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या किमान पात्रतेला नेट, सेट किंवा स्लेट लागते, पीएच.डी. सक्तीची नाही. म्हणजे तुमचा अर्ज बाद होणार नाही, गुणांकनात थोडं मागे राहाल एवढंच. रात्रीची झोप उडवण्याइतकं ते नाही.

जाता जाता इतर वाचकांसाठी. सोलापूर जिल्ह्याचं स्वतंत्र विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे पन्नाशीतल्या मंडळींनी दुय्यम गुणपत्रकासाठी कुठं अर्ज करायचा, हे आधी गुणपत्रकावरचं नाव वाचून ठरवावं. या महिन्यात दोघांनी चुकीच्या गावाला चलन भरून मला पत्र लिहिलंय.

ताई, अजून एक. सगळं झाल्यावर, म्हणजे मौखिकी होऊन अधिसूचना हातात आल्यावर, संचालकांना आणखी एक पत्र लिहा. भाऊसाहेबांचं नाव घालून, त्यांनी काय काय केलं ते तारखेसकट. सव्वासहापर्यंत थांबले होते तेही. तेसुद्धा आवकमध्ये द्या. सत्तावीस वर्षांत असं एकच पत्र मला आलं. गुरुजींच्या त्याच मुलीचं. साहेबांनी त्यावर "पाहिले" एवढाच शेरा मारला होता, हिरव्या पेनानं. झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे.

बुधवारी निघणार असाल तर पत्राच्या तीन प्रती इथूनच काढून न्या, तिथलं झेरॉक्सचं दुकान दुपारी बंद असतं असं तुम्हीच लिहिलंय. एक आवकला, एक भाऊसाहेबांना, एक तुमची पोच. पोचेवर शिक्का नीट उमटलाय का, ते खिडकीपाशी उजेडात बघा. आवकची शाईची गादी बहुतेक वेळा वाळलेली असते. क्रमांक वाचता येत नसेल तर तिथंच पेनानं लिहून घ्या, तारखेसकट.